सदोष माल

दोन वर्षं वेल्डाचा बदललेला खुबा ठणकत होता आणि तो कृत्रिम सांधा बनवणारी कंपनी तिलाच ऐकवत होती, वजन कमी करा. परवा त्याच कंपनीने बातम्यांत कबूल केलं, की गाजावाजा करून आणलेला तो नव्या धर्तीचा सांधाच सदोष आहे. वेल्डा तडक काठी टेकत इंडियानातल्या त्यांच्या कचेरीत पोचली.

टेबलापलीकडच्या कारकुनाने मान वर न करताच सांगितलं, "मॅडम, सदोष माल आधी इथे जमा करा. त्याशिवाय तक्रार घेता येत नाही."

"इथे? आत्ता?"

"हो. नियमच आहे तसा."

वेल्डाने काठी भिंतीला लावली, टेबलावरचे कागद हाताने खाली लोटले आणि कण्हत कण्हत त्याच्यासमोर आडवी झाली.



"घे, काढून घे."