तरुण गायकवृंद

“मदर व्हर्लीन, आज तरी झगा मिळेल का?”

चर्चच्या तळघरातल्या गायकांच्या खोलीत सगळ्यांनी माना वळवल्या. दारात कझाया उभी होती. वय एकोणीस. रविवारी ती तिसऱ्या बाकावरून गायला लागली की मागच्या रांगांतले लोक हातातले पुठ्ठ्याचे पंखे हलवायचे थांबत, मग मेकन शहराचा जुलै कितीही तापलेला असो.

“सिस्टर म्हण,” व्हर्लीन आरशात बघूनच म्हणाली. “मदर म्हणजे चर्चमधल्या मानाच्या म्हाताऱ्या, समोरच्या बाकावर बसतात, पांढऱ्या कपड्यांत. मी दिसते का तुला तशी?”

“नाही. चुकलं, सिस्टर व्हर्लीन.”

“आणि झगे संपलेत. मागेच सांगितलं ना? नवे शिवून आले की बघू.”

पोरगी मान हलवून गेली. व्हर्लीनच्या गळ्यातल्या साखळीत क्रूसाशेजारी कपाटाची किल्ली होती. कपाटात तीन निळे झगे इस्त्री करून टांगलेले होते. देवाच्या दारात कुणी वय विचारत नाही म्हणतात. विचारतात ते आतली माणसं.

“गोड गळा आहे पोरीचा,” रॉस्को गुडघ्याला पट्टा बांधत म्हणाला. वृंदात सगळ्यात धाकटा तोच. मार्चमध्ये त्याची त्रेपन्न वर्षं पूर्ण झाली होती.

“असेल. पण हल्लीची पोरं टिकत नाहीत. हा तरुण गायकवृंद आहे. इथं दम लागतो.”

“तो तर आपल्याला जिन्यातच लागतो,” रॉस्को म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. “चला, मदर ओझेला वाट बघत असतील. आपलं गाणं सुरू झालं की त्यांची पेपरमिंट सुरू. शेवटच्या आमेनपर्यंत जबडा थांबत नाही म्हातारीचा.”

हसू विरतंय तोच जिन्यावर काठी वाजली. मदर ओझेला स्वतःच खाली येत होत्या. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, काखेत गोल पेटी. वय एक्क्याण्णव. मंडळी अदबीनं बाजूला झाली आणि एकेक करून वर सटकली. व्हर्लीन तेवढी अडकली.

“आज मदर्सच्या यादीत तुझं नाव वाचायचं होतं,” ओझेला खुर्चीवर टेकत म्हणाल्या. “तू पाळकांना नको म्हणालीस म्हणे.”

“मदर, तुमचा मान मोठा आहे. पण सहासष्ट म्हणजे काय वय आहे का? मी काय म्हातारी झालेय?”

ओझेलांनी काठी खुर्चीला टेकवली. पेटी उघडली. आत एक पांढरी टोपी होती, कडेनं पिवळी पडलेली.

“ओळखलीस?”

“नाही.”

“तूच दिलीस की मला. ह्याच खोलीत. नवा वृंद काढला होतात तुम्ही पोरांनी. मी नेहमीसारखी झगा घ्यायला आले, मी खालच्या पट्टीत गायची. तू म्हणालीस, ‘झगे संपलेत, मदर. तुम्ही आता समोर निवांत बसा.’ मला मदर म्हणणारी तू पहिली.”

व्हर्लीन कसनुसं हसली. “थोरांचा मान म्हणून म्हटलं असेल...”

“मी चव्वेचाळीस वर्षांची होते गं.”

वर ऑर्गन वाजायला लागला. व्हर्लीननं तो दिवस आठवून पाहिला. तिला दिसली ती एक म्हातारीच. पिकलेले केस, हातात काठी. दुसरी कुठली ओझेला तिनं कधी पाहिलीच नव्हती. आणि आज वृंदातला धाकटा रॉस्को त्रेपन्न वर्षांचा होता.

“तुम्ही बोलला का नाहीत, मदर?”

“बोलले की. ‘बरं, बाळ’ म्हणाले.”

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. ओझेला उठल्या आणि काठी टेकत वर निघून गेल्या. टोपी टेबलावर राहिली.

व्हर्लीन कितीतरी वेळ झग्याच्या बटणांशी झटत होती. मग तिनं जिन्याशी जाऊन हाक मारली, “कझाया! ये इकडं.” आणि अंगातला झगा काढून पोरीच्या हातात दिला.

“संपलेत म्हणाला होतात ना?”

“खोटं बोलले. कपाटात तीन आहेत. पण ते वृंदातल्या मेलेल्यांचे आहेत. तू हा घाल.”

“थँक यू, मदर... सिस्टर...”

“येईल ते म्हण.”

वर पाळकांचं प्रवचन बोलता बोलता सुरात शिरलं होतं. प्रत्येक ओळीला लोक “हो, प्रभू!” म्हणत होते. टोपी घातलेली व्हर्लीन मान खाली घालून समोरच्या बाकाशी आली. ओझेला वीतभर सरकल्या. वृंद उभा राहिला. पहिल्या रांगेत कझाया होती, बाह्या बोटांवरून लोंबत होत्या. तिनं सूर लावला आणि पंखे थांबले.

व्हर्लीनला शेजारी काहीतरी गुणगुणल्यासारखं ऐकू आलं. तिनं वळून पाहिलं. ओझेलांचा जबडा हलत होता, वृंदात उभं राहून इतकी वर्षं दिसायचा तसाच. त्या गात होत्या. खालची पट्टी, एकेक शब्द, श्वासाच्या नेमक्या जागा. आणि आवाज इतका दाबलेला की पलीकडच्या माणसालाही कळू नये.

पेपरमिंटची गोळी त्यांच्या मांडीवर होती, कागदात गुंडाळलेली.