बुडवून पाहण्याचा नियम

पूरनियंत्रणाच्या भांडारात केशरी जीवरक्षक जाकिटे होती तीनशे साठ. वीस-वीसचे अठरा गठ्ठे. भांडारप्रमुख सुमेधा बिडकरने ती दोनदा मोजली.

सरकारी खरेदीचे अकराशे नियम, ते छाटायला आणलेल्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्राने नऊवर आणले होते. त्याची रीत सरळ होती: दहा वर्षांत ज्या नियमाने एकही लबाडी पकडली नाही, तो निरुपयोगी. शंभरातले एक जाकीट पाण्यात बुडवून पाहण्याचा नियमही असाच गेला होता.

"मॅडम, यंत्राने हिरवा कंदील दिलाय. करा की सही," ठेकेदार भालेकर म्हणाले. "नदी फुगतेय. दुपारी माल बोटींवर जायचाय."

"दहा वर्षं कुणी सापडलं नाही, कारण बुडवून बघतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता बघत नाहीत, हेही ठाऊक आहे."

"म्हणजे मी चोर?"

"तसं कुठं म्हटलं? तुम्ही दिलेला नमुना तरंगला. आता एक मी उचलते."

भालेकरांनी लगबगीने वरचे जाकीट पुढे केले. सुमेधाने ते बाजूला ठेवले, सगळ्यांत खालच्या गठ्ठ्यातले एक ओढून काढले, जुन्या नियमाप्रमाणे त्याला साडेसात किलोचे वजन बांधले आणि अंगणातल्या हौदात सोडले.

"आणि सही?"

"जाकीट सांगेल तेव्हा."

भालेकर हसत हसत चहा सांगायला गेले, ते परत आले नाहीत. सुमेधा घड्याळ घेऊन हौदाच्या काठावर बसून राहिली.

जाकीट चोवीस तास तरंगायला हवे होते. ते एक तास सदतीस मिनिटांनी तळाला टेकले.