रीतीचा घास

इलोनाआजींचं ताट पुन्हा रिकामं झालं आणि वसुंधराबाईंनी त्यात पुन्हा पुरणपोळी वाढली.

"घ्या हो आजी, शरमायचं नाही. आपल्याच घरी आहात!"

नव्वदी ओलांडलेल्या इलोनाआजी नव्या सुनेच्या, नोएमीच्या आजी. लग्नानंतर पहिल्यांदाच बुडापेस्टहून इंदूरला आल्या होत्या. जेवणात काही कमी पडलं असं व्याह्यांनी म्हणू नये, एवढीच वसुंधराबाईंची धास्ती. पोट भरलं की ताटात एक घास ठेवायचा, ही या घराण्याची रीत. ताट स्वच्छ झालं म्हणजे पाहुणा अजून भुकेला. मग वाढणारीने थांबायचं कसं?

"आजी तर छुपी रुस्तम निघाल्या!" नोएमीचा नवरा यशवर्धन हसला.

वसुंधराबाईंच्या यजमानांचं, नानासाहेबांचं, जेवण आटोपलं. पोळीचा एक घास ठेवून त्यांनी नेहमीसारखा ताटातच हात धुतला. इलोनाआजी त्या ताटाकडे बघत राहिल्या. मग मान खाली घालून भराभर आपली पोळी संपवू लागल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. वसुंधराबाईंनी आणखी एक पोळी वाढली.

नोएमी तुपाची वाटी घेऊन आतून आली आणि दारातच थबकली.

"आई, बस करा! मत दो और!"

सून पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली होती. वसुंधराबाई दुखावल्या. "अगं, ताट खाली होतं त्यांचं."

"ते खालीच राहणार. तुम्ही देत राहाल, ती खात राहील. तिला टाकता येत नाही." नोएमी आजींजवळ येऊन बसली. "चौदाची होती. ज्यू म्हणून घरातून उचललं, खाणीत दगड फोडायला लावलं. बहीण पण होती सोबत. तिथला गार्ड त्याचं थोडं जेवण ठेवायचा. सगळ्यांना वाटायचं, आज तरी देईल. मग समोरच त्यात पाणी ओतायचा. बहीण भुकेने…"

मराठी कळत नसलेल्या इलोनाआजींना एवढ्यात सगळं कळलं होतं. त्यांनी नातीचा हात घट्ट दाबला. पण ती बोलून गेली होती, आणि आता तीही नानासाहेबांच्या ताटाकडे बघत होती.

वसुंधराबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या खाली बसल्या. आजींच्या ताटातली पोळी त्यांनी मोडली, निम्मी स्वतः घेतली, एक तुकडा मुलाला दिला. या घरात कधी कुणी कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं. आज सगळे खाऊ लागले.

नानासाहेबांनी दोन्ही ओले तळवे आपल्या ताटावर धरले होते. बोटांच्या फटींतून पाण्यावर तरंगणारा घास दिसतच होता.

इलोनाआजींनी नजर वळवली आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.