वळणापासून घरापर्यंत

दूध डेअरीच्या वळणाअलीकडे कारभारी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून हलवू लागले. करंजीकडून येणारी ती बुटकी लाल गाडी त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली.

"बंद कर आधी," ते म्हणाले. "बंद कर बाबा."

कल्याणने चावी फिरवली आणि घाबराघुबरा होऊन खाली उतरला. नगरला त्याचं गॅरेज होतं, आणि कारभाऱ्यांच्या लेकाचा, अंगदचा, तो शाळेपासूनचा दोस्त.

"काय झालं तात्या? गाडी झकास झालीय. अख्खा घाट उतरून आलो, कुठं कुरकुर नाही."

"गाडीचं न्हाई रं. हितनं ढकलत नेऊ. लंकाला आवाज नको."

कल्याणने दारातून हात घालून गिअर काढला. अंगद रोज नगरहून यायचा तो याच गाडीतून, आणि त्याची आई लंकाबाई आवाज ऐकूनच तवा चुलीवर ठेवायच्या. गाडी अंगणात थांबली की बाहेर न बघताच आतून सांगायच्या, हातपाय धुऊन घे रं, भाकरी तव्यावर हाय. मागच्या वर्षी याच वळणावर अंगदच्या छातीत कळ आली. पोरगं शहाणं, गाडी नीट कडेला घेतली, बंद केली, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं ते टेकलंच. डेअरीतली माणसं निरोप घेऊन वस्तीवर आली तेव्हा कारभारी मोसंबीच्या बागेत होते.

तेव्हापासून गाडी शेडमध्ये झाकून होती. विकायचं नाव कुणी काढलं नाही. पण कल्याणच्या जिवाला चैन नव्हती. या मॉडेलच्या इंजिनात एक बेअरिंग असतं, तेवढंच दगाबाज. एखाद्या दिवशी न सांगता फुटतं आणि सगळं इंजिन भंगारात जातं. ते फुटायच्या आत गिअरबॉक्स उतरवून नवं बसवायचं, एवढाच इलाज. अंगदने पुण्याहून गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाच त्याला हे ठाऊक होतं. नवं बेअरिंग त्याने मागवूनही ठेवलं होतं. गाडी उभी राहिली की तेलात ओल धरते आणि बेअरिंग आणखीच खराब होतं, असं कल्याणने सांगितलं तेव्हा कारभारी हो म्हणाले. लेकानं जीव लावलेली वस्तू आपल्या हातानं गंजवायची कशी? टेम्पोवर चढवून गाडी नगरला गेली, आणि आज दुरुस्त होऊन आपल्या चाकांवर परत आली होती.

कल्याणने उघड्या दारातून एक हात स्टिअरिंगवर ठेवून खांदा लावला, कारभाऱ्यांनी मागून हात लावले. या गाडीचं इंजिनच मागच्या डिकीत. गावाने त्यावरून अंगदची कमी टर उडवली नव्हती. पत्रा अजून गरम होता. कारभाऱ्यांनी तळवे उचलून परत टेकवले.

"दर सर्व्हिसिंगला जुना ऑईल फिल्टर कापून बघायचा तो," कल्याण ढकलता ढकलता म्हणाला. "आत चमकी दिसते का म्हणून. बेअरिंग झिजायला लागलं की चमकी येते. एवढी काळजी गाडीची. आणि स्वतःची छाती एकदा नाही दाखवली गाढवाने."

कारभारी खाली मान घालून ढकलत राहिले. वळण ओलांडलं तसं त्यांना जरा हायसं वाटलं. ट्रॅक्टरवर जन्म गेलेला माणूस, कान मंद झालेले. घरी बसलं की वळणापलीकडचं त्यांना काही म्हणता काही ऐकू येत नसे. म्हणजे तिलाही येत नसणार, असा त्यांचा हिशेब.

गाडी अंगणात आली तेव्हा लंकाबाई ओट्यावर उभ्या होत्या. हात पिठाचे. आतून करपल्याचा वास येत होता.

"वळणावर बंद केली व्हय?" त्यांनी विचारलं.

कारभारी गडबडले. "तुला तरास नको म्हनून..."

"त्या दिवशी बी असंच झालं," लंकाबाई म्हणाल्या. "वळणापस्तोर आवाज आला. मी भाकरी टाकली. आन् आवाज थांबला. म्हनलं, कुनाशी बोलत हुबा राहिला आसंल. भाकरी करपली तरी वाटच बघत बसले."

कारभारी गाडीला टेकले. वर्षभर एका छपराखाली राहून बाईने हे कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आज आपणच तिच्यावर तीच वेळ परत आणली.

"कधी बोलली न्हाईस," ते पुटपुटले.

"काय बोलायचं त्यात."

लंकाबाई ओट्यावरून खाली आल्या. गाडीकडे त्यांनी पाहिलं, हात लावला नाही. मग कल्याणकडे वळल्या.

"कल्याण, चालू कर बाबा. माघारी ने वळणाच्या पल्याड. आन् तिथनं ये. मधी थांबू नको."

कल्याणने कारभाऱ्यांकडे पाहिलं. ते मान हलवून बाजूला झाले. गाडी सुरू झाली, वळली, गेली. लंकाबाई आत गेल्या. करपलेली भाकरी त्यांनी बाहेर कुत्र्याला टाकली आणि परातीत नवा गोळा घेतला.

कारभारी अंगणात उभे होते. कितीतरी वेळ त्यांना काहीच ऐकू येईना. मग बारीकसा आवाज त्यांच्याही कानावर आला, म्हणजे गाडीने वळण ओलांडलं. आवाज वाढत गेला. आत भाकरी थापली जात होती.

गाडी अंगणात येऊन थांबली. कल्याण उतरला आणि दार धरून तसाच उभा राहिला.

"हातपाय धुऊन घे रं," आतून लंकाबाईंनी हाक दिली. "भाकरी तव्यावर हाय."

कल्याण मुकाट्याने नळाकडे गेला.