दसऱ्याचं पालपिट्ट

दसऱ्याच्या सकाळी उदय नल्लकुंट्यातल्या घरी, माडीवर, वन्यजीव कायदा घोकत बसला होता. अधिकारीपदाची मुख्य परीक्षा तोंडावर आली होती आणि हा प्रयत्न शेवटचा होता. याच्यापुढे नियमच परवानगी देत नव्हता. पर्यावरण आणि जैवविविधता हा तर त्याचा हातखंडा विषय. कुठलं अभयारण्य कुठं, कुठला प्राणी कायद्याच्या कुठल्या अनुसूचीत, झोपेतून उठवून विचारावं.

"उदय, खाली ये जरा," विमलबाईंनी हाक मारली. "आंघोळ झालीय ना रे?"

आईला आज आंघोळीची एवढी चौकशी का, ते त्याला फाटकाशी आल्यावर कळलं. बाहेर एक माणूस उभा होता आणि त्याच्या हातात फडक्यानं झाकलेला पिंजरा होता.

"हा अंबाजी," विमलबाई म्हणाल्या. "पालपिट्ट आणलंय त्यानं. तुझ्यासाठी."

पालपिट्ट म्हणजे आपला नीलपंख. दसऱ्याला तो दिसला की वर्षभर हाती घ्याल ते काम तडीस जातं, असं या तेलुगू मुलखात मानतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली मराठी घरंही मानतात. पूर्वी विमलबाई नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसून कुकटपल्लीच्या पुढच्या माळावर जायच्या. विजेच्या तारेवर पाखरू हमखास बसलेलं असायचं. मग त्या माळावर कंपन्या आल्या, कंपन्यांमागं पुण्या-मुंबईची माणसं आली, त्यांच्यासाठी इमारती आल्या. तारा राहिल्या, पाखरू गेलं. उदय परीक्षेला बसायला लागल्यापासून एकाही दसऱ्याला विमलबाईंना ते दिसलं नव्हतं. त्याच्या निकालांचं कारण त्यांच्या लेखी तेवढंच होतं.

उदयला पाखराच्या आधी प्रश्न दिसला. नीलपंखाला धोका कशाकशाचा, यावर त्यानं कालच सरावाचं उत्तर लिहिलं होतं. माळरानं गेली, शेतात कीटकनाशकं आली, आणि सणाला दाखवायला म्हणून लोक त्याला पकडतात. शेवटच्या मुद्द्याखाली त्यानं रेघही मारली होती.

"आई, हा गुन्हा आहे. याला आधी परत पाठव."

"आधी अफसर तर हो," विमलबाई शांतपणे म्हणाल्या. "मग खुशाल पकड याला. मलाही पकड."

उदय अंबाजीकडे वळला. "मालूम है ना, इसके वास्ते अंदर जाते?"

"मालूम है सर," अंबाजी म्हणाला. त्याला राग आलेला दिसला नाही. "ये गल्ली में सब पढ़नेवाले येइच बोलते."

आणि त्यानं फडकं काढलं.

आत एक मातकट पाखरू मान आखडून बसलं होतं. या पक्ष्याचं निळं सगळं पंखात असतं. बसला की झाकलेलं, उडाला की उघडं. उदयनं ते फक्त छापलेल्या चित्रात पाहिलं होतं.

"नीला दिखना," विमलबाईंनी अंबाजीला बजावलं. मग उदयकडे बघून म्हणाल्या, "निळं दिसायला पाहिजे रे. नुसतं पाखरू बघून काय उपयोग?"

पाखरू उडणार नव्हतं. उडून जाऊ नये म्हणून त्याचे पंख डिंकानं चिकटवलेले होते. अंबाजीनं पिंजऱ्यात हात घातला, पाखराला मुठीत धरलं आणि दोन बोटांनी एक पंख ओढून उघडला. चिकटलेली पिसं सुटताना बारीक आवाज झाला. पाखरानं चोच उघडली, पण त्यातून काहीच आलं नाही.

उदयनं मान फिरवली. समोरच्या भिंतीवर कुणीतरी आपट्याऐवजी इकडे वाटतात ती शमीची पानं ठेवली होती, तिकडे तो बघत राहिला. त्याला राग आला होता, लाजही वाटत होती. शेजारी विमलबाईंनी हात जोडले होते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. स्वतःसाठी त्यांना काही बघायचं नव्हतंच.

"बघितलंस ना नीट?" डोळे उघडून त्यांनी विचारलं.

"बघितलं," उदय म्हणाला.

त्यांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी त्या मोकळं हसल्या.

"छोड़ दो इसको अब," उदय अंबाजीला म्हणाला.

"छोड़ूं तो किदर जाता सर? गोंद है परों में. बिल्ली ले जाती." अंबाजीनं पाखरू आत ठेवून फडकं टाकलं. पलीकडच्या फाटकाशी सुजाता उभी होती. उदयच्याच क्लासला जायची ती. आज सकाळीच न्हायलेली होती, केस अजून ओले होते. तिची आई अंबाजीला हातानं खुणावत होती.

आत जाऊन वनखात्याला फोन करायचा, असं उदयनं मनाशी पक्कं केलं आणि तो वळला. पायरीपाशी पोचला. वर टेबलावर कायदा उघडाच होता, त्यातलं अक्षर न्‌ अक्षर त्याला येत होतं. मागच्या वेळीही येत होतं. त्याच्या आधीच्या वेळीही. मग राहिलं काय होतं?

पहिल्या पायरीवरचं पाऊल त्यानं मागं घेतलं.

"ठैरो."

विमलबाईंचं हसू मावळलं. अंबाजीनं पिंजरा छातीशी धरला. उदय फाटकाबाहेर आला, आणि गल्लीत इकडेतिकडे बघून आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला,

"इसके पर एक बार फिर खोलो. नीला दिखा नै मेरे कू."