अर्ध्या तासाच्या आत

भिंतीवरच्या खिळ्यांना किल्ल्यांचे सहा जुडगे टांगलेले होते आणि प्रत्येक जुडग्यात एक किल्ली बाईंच्या कंपनीची होती.

बाईंनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. अडकलेल्या लिफ्टचा दरवाजा बाहेरून उघडायची किल्ली ती. बाकी कंपन्यांची तीन कोनांची असते, त्यांची तेवढी पाच कोनांची. त्यांच्या नवऱ्याने ती स्वतः कानशीने घासून घडवली होती. ती दुसऱ्या कुणाकडे असायचं काही कारणच नव्हतं.

समोर म्हातारा बसला होता, गावातल्या दुसऱ्या लिफ्ट कंपनीचा मालक. आज बाई त्याची कंपनी विकत घेणार होत्या. कराराचे कागद टेबलावर होते. खाली दारावर शिडी लावून रंगारी म्हाताऱ्याच्या नावावर पांढऱ्याचा हात मारत होता. त्यावर बाईंच्या कंपनीचं नाव यायचं होतं आणि नावाखाली त्यांची ती ओळ: 'वीस वर्षांत कुणीही अर्ध्या तासाहून जास्त अडकलं नाही.'

या ओळीवर बाईंनी धंदा वाढवला होता. ओळ खोटीही नव्हती. त्यांची लिफ्ट अडकली, तरी मेकॅनिक पोचेपर्यंत ती बहुतेक वेळा चालू झालेली असे. तक्रारवहीत तो लिहून टाकी, 'आपोआप सुरू.' बाई कौतुकाने सांगत, "आमच्या ह्यांच्या हातची मशीन आहे. त्यांच्यासारखीच रुसते, पण फार वेळ नाही."

करार अडला होता तो एका माणसावर. म्हाताऱ्याची अट होती, त्याचे सहाही मेकॅनिक कामावर राहिले पाहिजेत. बाईंचा भाचा कंपनीची तपासणी करून आला होता. तो सीए होता आणि हे कुणाला विसरू देत नव्हता.

"काका, तुमच्या माणसांचे आठवड्याला चाळीस-पंचेचाळीस तास कुठे जातात, ते एकाही कागदावर नाही. म्हणजे एक माणूस जास्तीचा आहे."

"जास्तीचा नाही."

"मग तास गेले कुठे?"

"कामाला गेले. सहा म्हणजे सहा. नाहीतर कागद उचला."

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "माझी किल्ली तुमच्याकडे कशी?"

म्हाताऱ्याने खिळ्यांकडे पाहिलं. लपवायचं राहून गेलं, असा त्याचा चेहरा झाला.

"माझ्या इमारतींत शिरायला ठेवलीत?"

"हो," म्हातारा म्हणाला. "तुमच्याच इमारतींत शिरायला."

"मावशी, ऊठ," भाचा कागद गोळा करत म्हणाला. "गिऱ्हाइकं पळवायचा धंदा दिसतोय."

बाई उठल्या नाहीत. म्हाताऱ्याने खण ओढला, कोपरे झिजलेली एक वही काढली आणि भाच्यासमोर नाही, बाईंसमोर सरकवली. फोन आल्याची वही. इमारत, मजला, आत कोण, किती मिनिटं. पाचवा मजला, शाळेतली दोन मुलं, चौदा. तिसरा मजला, पोटुशी बाई, अकरा. सातवा मजला, दम्याचे आजोबा, एकटे, सव्वीस.

बाईंनी पानं उलटली. प्रत्येक इमारत त्यांच्या ओळखीची होती. प्रत्येक लिफ्ट त्यांची होती. तीसच्या वरचा आकडा कुठेच नव्हता.

"वॉचमन आधी तुम्हाला फोन लावतो, मग मला," म्हातारा म्हणाला. "तुमचं ऑफिस पडलं गावाबाहेर. माझी पोरं जवळ. माणूस काढतात, मशीन चालू करतात आणि निघतात."

"आणि माझे मेकॅनिक गप्प बसतात?"

"बिचारे काय लिहिणार? शेजारच्यांनी चालू केली म्हणून?"

"मला एका शब्दाने बोलला नाहीत."

"बोललो असतो, तर आमच्या लिफ्टला हात का लावलात म्हणून भांडायला आला असतात. भांडून झाल्यावर पैसे पाठवले असते. एकदा पैसे यायला लागले, वहिनी, की पोरं आधी पावतीपुस्तक शोधतात आणि मग माणूस."

सकाळपासून तो वहिनी म्हणत होता आणि सकाळपासून बाईंना ते खटकत होतं. धंद्यात कसली नाती, असं त्या गाडीत भाच्याला म्हणाल्याही होत्या.

"किल्ली कुठून आली?"

"पहिली त्यानेच दिली, वीस वर्षांमागे, दवाखान्यात शेवटच्या दिवसांत. एका वर्कशॉपात शिकलो आम्ही, मग दहा वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं ओढली. म्हणाला, ती आता एकटी पडेल, माणसं पुरायची नाहीत तिला. बाकीच्या पाच मी घासल्या. कोन जरा वाकडे आलेत, पण दार उघडतं."

बाईंनी वही मिटली. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. मग कराराचं चौथं पान पुढे ओढून 'पाच' खोडलं, वर 'सहा' लिहिलं आणि सही केली.

"मावशी, पण तो एक माणूस..."

"तू गाडी काढ."

दाराशी जाऊन त्या वळल्या. "भावजी, उद्यापासून ही वही माझ्या टेबलावर लागेल. तुम्हीही लागाल."

खाली रंगारी शिडीवरून उतरून आपलं काम लांबून न्याहाळत होता. वर बाईंच्या कंपनीचं नाव, खाली ओळ, दोन्ही ओली. पांढऱ्याच्या एका हाताखालून म्हाताऱ्याचं जुनं नाव अजून पुसट दिसत होतं. बाई तिथेच थांबल्या. त्या एवढा वेळ थांबल्या, की रंगाऱ्याने कुंचला पुन्हा हातात घेतला.

"काय झालं बाई? ओळ चुकली का?"

"ओळ बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तिच्यावर नाव माझं पडलंय. ते पुसा, आणि पांढऱ्याखालचं जुनं नाव परत रंगवा."