जुन्या गावावरचं शेत

दुपार टळली तरी ऑक्ताव्ह जेवायला आला नाही, म्हणून ओदील नवऱ्याला शोधत शेतावर गेली. ट्रॅक्टर घरघरत उभा होता, पण माणूस नव्हता. नांगरलेल्या मातीत त्याच्या पावलांचे ठसे होते, आणि ते शेताच्या मधोमध संपले होते.

जुनं मोर्व्हाल गाव इथंच होतं. पहिल्या महायुद्धात तोफांनी ते भुईसपाट केलं, आणि उरलेली माणसं ओढ्यापलीकडे जाऊन राहिली.

ठसे संपले तिथं ओदील हातांनीच उकरू लागली. शेजारचा म्हातारा लेओंस धावत आला.

"अगं पोरी, वेड लागलं का तुला? खाली नुसता खडूचा दगड आहे!"

"लेओंसकाका, पाया पडते, उकरा!"

तिची बोटं रक्ताळली तेव्हा कुठं विटा लागल्या. ते एका धुराड्याचं तोंड होतं. विटा गरम होत्या आणि आतून कांद्याच्या सूपचा वास येत होता. लेओंस छातीवर क्रूस रेखत मागे सरकला.

ओदील धुराड्यात तोंड घालून ओरडली, विटांवर मुठी आपटत राहिली. "ऑक्ताव्ह! वर ये रे! मी आलेय!"

खाली चमच्यांचा आवाज थांबला.

"अहो," एक बाई म्हणाली, "वर कोण ठोकतंय?"

"कुणी नाही," ऑक्ताव्ह म्हणाला. "तू वाढ."